आठ मिलीकेल्विनचं कौतुक पुरे: कोरड्या डायल्यूशन फ्रीजचा रिव्ह्यू

विद्यापीठातल्या क्वांटम लॅबमध्ये माझं पद कागदावर चांगलं दोन ओळींचं आहे. व्यवहारात मी फ्रीज सांभाळते. आमच्याकडची पोरं सुपरकंडक्टिंग क्युबिटच्या, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरच्या बिटांच्या, चिपा बनवतात, सिग्नल मोजतात, पेपर लिहितात. त्यांची चिप ज्या यंत्राच्या तळाशी टांगलेली असते, ते यंत्र थंड राहिलं पाहिजे, एवढंच माझ्याकडे. पेपरात माझं नाव आभाराच्या परिच्छेदात येतं आणि फ्रीज बिघडला की सगळ्यात आधी आठवतं.

नवा ग्रुप उभा करणारे लोक हल्ली विचारायला येतात, कुठला डायल्यूशन फ्रीज, म्हणजे चिप निरपेक्ष शून्याच्या जवळ नेणारं यंत्र, घ्यावा म्हणून. जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: किती खाली जातो? माहितीपत्रकावरही तोच आकडा सगळ्यात मोठ्या टायपात असतो. कुणी दहा मिलीकेल्विनच्या खाली लिहितो, कुणी आठ, कुणी सात (मिलीकेल्विन म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वरच्या एका अंशाचा हजारावा भाग). माझ्या मते खरेदी करताना बघायच्या गोष्टींत तो आकडा शेवटून पहिला. हे एकदा सविस्तर लिहून ठेवलं की प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला नको, म्हणून हा रिव्ह्यू. कंपनीचं नाव देणार नाही. एका यंत्राच्या तक्रारी अख्ख्या कंपनीच्या माथी मारण्यात अर्थ नाही, आणि आज मिळणारे कोरडे, म्हणजे द्रव हेलियमच्या थर्मासाशिवाय चालणारे, फ्रीज मुळात बऱ्याच अंशी सारखेच आहेत. जे लिहिते आहे ते थोड्याफार फरकाने कुठल्याही यंत्राला लागू पडेल.

आधी त्या प्रसिद्ध फोटोबद्दल. क्वांटम कॉम्प्युटर म्हणून बातम्यांत सोनेरी झुंबर दाखवतात ना, तो कॉम्प्युटर नव्हे, फ्रीज. कॉम्प्युटर म्हणावा असा भाग म्हणजे तळाशी एका डबीत बसवलेली नखाएवढी चिप. सोनेरी दिसतात त्या तांब्याच्या प्लेटा. वर सोन्याचा मुलामा असतो, कारण तांब्यावर ऑक्साइड चढलं की दोन पृष्ठभागांमधून उष्णता नीट जात नाही. आणि फोटोत फ्रीज असा उघडा दिसतो तेव्हा तो बंद असतो. चालू फ्रीज म्हणजे एकात एक घातलेले धातूचे डबे आणि बाहेरचा पांढरा पिंप. त्याचा फोटो कोणी काढत नाही. दिवसभर मी बघते तो पिंपच.

आता आतलं. वरून खाली पाच प्लेटा: साधारण 50 केल्विन, 4 केल्विन, मग स्टिल म्हणतात ती पाऊण-एक केल्विनच्या आसपासची, मग शंभर मिलीकेल्विनच्या घरातली कोल्ड प्लेट, आणि सगळ्यात खाली मिक्सिंग चेंबरची प्लेट. वरच्या दोन प्लेटा पल्स ट्यूब थंड करते. हे एक प्रकारचं हेलियम-कूलरच, फक्त थंड टोकाला हलणारा एकही भाग नाही. आमचा कॉम्प्रेसर दहा किलोवॅटच्या आसपास वीज खातो आणि त्या बदल्यात 4 केल्विनला दीडेक वॅट उष्णता उचलून देतो. ऐकायला वाईट सौदा वाटतो, पण त्या तापमानाला दीड वॅट ही श्रीमंती आहे.

त्याच्या खालची गंमत हेलियम-3 आणि हेलियम-4 यांच्या मिश्रणाची. सुमारे 0.87 केल्विनच्या खाली हे मिश्रण आपोआप दोन थरांत वेगळं होऊ लागतं. वर हेलियम-3 भरपूर असलेला थर, खाली हेलियम-4 मध्ये थोडं हेलियम-3 विरघळलेला. मेख अशी की तापमान शून्याकडे नेत गेलं तरी खालच्या थरातलं हेलियम-3 साडेसहा टक्क्यांच्या आसपास टिकून राहतं. ते शून्यावर जात नाही, म्हणूनच हे यंत्र चालतं. मिक्सिंग चेंबरमधल्या खालच्या थरातून हेलियम-3 ओढून घेतलं की वरच्या थरातले अणू हद्द ओलांडून खाली येतात आणि येताना उष्णता शोषून घेतात. ओढून घेण्याचं काम स्टिलमध्ये होतं. तिथे थोडी ऊब दिली की वाफ होऊन निघतं ते बहुतेक हेलियम-3च. ते पंपातून बाहेर येतं, स्वच्छ होऊन, पुन्हा थंड होऊन आत जातं. असं चक्र अखंड, महिनोन् महिने.

ही कल्पना हाइन्झ लंडन यांनी 1951 मध्ये मांडली, आणि 1960च्या दशकाच्या मध्यावर लायडेनमध्ये असं पहिलं यंत्र चाललं. त्याच लायडेनमध्ये 1908 साली कामरलिंग ओनेस यांनी पहिल्यांदा हेलियमचा द्रव केला होता. पुढे कित्येक वर्षं सगळे डायल्यूशन फ्रीज ओले होते, म्हणजे द्रव हेलियमच्या मोठ्या थर्मासात बुडवलेले. 2002 मध्ये कुर्ट उहलिग यांनी पल्स ट्यूबने आधी थंड केलेला कोरडा डायल्यूशन फ्रीज दाखवला आणि हळूहळू लॅबांमधले थर्मास गेले.

माझ्या लेखी कोरड्या फ्रीजचा सगळ्यात मोठा गुण हाच. मी ओल्यावर शिकले. ओला फ्रीज म्हणजे सतत हेलियम भरणं. ट्रान्सफर लाइन धरून उभं राहायचं, पातळी बघायची, डबा संपण्याआधी दुसरा येईल ना याची काळजी. पुरवठा लांबला की प्रयोग थांबला. द्रव हेलियमच्या एका लिटरचा साधारण साडेसातशे लिटर वायू होतो, त्यामुळे खोलीत ऑक्सिजनचा अलार्म हवाच, आणि तो वाजला की कारण शोधत न बसता आधी बाहेर पडायचं. कोरड्यात यातलं काहीच नाही. बटण दाबायचं आणि घरी जायचं. माहितीपत्रकात असं लिहिलेलं असतं आणि चक्क ते बरंचसं खरं आहे! व्हॅक्यूम झाला, लीक नाही याची खात्री झाली, की पुढचं सगळं सॉफ्टवेअर करतं. छोटा फ्रीज दिवसभरात खाली येतो, मोठ्याला दोन दिवस लागतात, वायरी आणि तांबं जास्त कोंबलं तर आणखी. ओल्यावरून कोरड्यावर आलेला माणूस परत जायचं नाव काढत नाही. मीही काढणार नाही.

आता त्या आकड्याकडे.

आमचे क्युबिट 5 गिगाहर्ट्झच्या आसपासचे. या वारंवारतेच्या एका फोटॉनची ऊर्जा तापमानाच्या भाषेत 0.24 केल्विन होते. क्युबिट खालच्या पातळीवर शांत बसलेला हवा, तर तापमान याच्या बरंच खाली पाहिजे. किती खाली? 20 मिलीकेल्विनला उष्णतेने आपोआप वर उडालेला क्युबिट सापडायची शक्यता दहा लाखांत सहा. आठ मिलीकेल्विनला ती आणखी कितीतरी पटींनी कमी, पण दहा लाखांत सहा हा आकडाच कुठल्याही मोजमापात सापडणार नाही इतका लहान आहे. म्हणजे 20 वरून आठवर आल्याने आमच्यासारख्या ट्रान्समॉनवाल्याच्या (ट्रान्समॉन ही सुपरकंडक्टिंग क्युबिटची एक जात) हाती काय लागलं? काही नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. प्रत्यक्ष मोजायला बसलं की वर उडालेले क्युबिट शेकड्यात एखादा, कधी त्याहून जास्त सापडतात. 5 गिगाहर्ट्झचा क्युबिट 50 मिलीकेल्विनला असेल तर हिशेबाने 0.8 टक्के येतात. म्हणजे प्लेटवरचा थर्मामीटर आठ दाखवतोय आणि तिच्यावरच बसलेला क्युबिट पन्नासच्या घरात! हे आमच्याच नशिबी आहे असं नाही, या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. वायरीतून येणारा गोंगाट, वरच्या गरम भागातून झिरपणारं इन्फ्रारेड, नीट थंड न झालेले, सिग्नल कमजोर करणारे अ‍ॅटेन्यूएटर, सैल बसलेली डबी. त्या मिलीकेल्विनांवर फ्रीज बनवणाऱ्याचा अधिकार चालत नाही, ते तुमच्या वायरिंगने ठरतात. पैसे मात्र आपण माहितीपत्रकातल्या आठाला मोजतो.

शिवाय तो आठ मोजलेला असतो रिकाम्या फ्रीजमध्ये. ना वायरी, ना चिप, ना अ‍ॅम्प्लिफायर. त्यासाठी नॉइज थर्मामीटरसारखं खास साधन लावतात. रोजच्या वापरातला रुथेनियम ऑक्साइडचा सेन्सर वीसच्या खाली फारसा भरवशाचा नाही, मोजण्यासाठी दिलेल्या करंटनेच तो तापायला लागतो. आमच्याकडचे नवे विद्यार्थी स्क्रीनवर 7.9 बघून खूश होतात. मी काही बोलत नाही.

मग काय विचारायचं? कूलिंग पॉवर विचारा, आणि ती कुठल्या तापमानाला हे विचारा. माहितीपत्रकात 100 मिलीकेल्विनची लिहितात, कारण ती दिसायला मोठी. सेकंदाला अर्धा मिलीमोल हेलियम-3 फिरत असेल तर 100 मिलीकेल्विनला सुमारे 400 मायक्रोवॅट मिळतात. पण ही शक्ती तापमानाच्या वर्गाने घटते, तापमान निम्मं केलं की शक्ती चौथाई. 20 मिलीकेल्विनला येईपर्यंत हातात दहा-पंधरा मायक्रोवॅट उरतात. तुम्ही काम करणार तिथे. त्या दहा-पंधरात तुमच्या सगळ्या केबलींची गळती आणि पल्सांची उष्णता बसवायची आहे. हा आकडा विक्रेत्याने लेखी दिला तर यंत्राचा विचार करा, टाळाटाळ केली तर दुसरा बघा.

वायरींसाठीची जागा हा दुसरा प्रश्न, आणि आमच्या यंत्राची सगळ्यात मोठी उणीव इथेच. बाहेरची खोली 300 केल्विनला असते. तिथून थेट वायर आणली तर 5 गिगाहर्ट्झला सरासरी सव्वा हजार फोटॉनांचा गोंगाट चिपवर येऊन आदळेल. म्हणून प्रत्येक लाइनवर टप्प्याटप्प्याने अ‍ॅटेन्यूएटर: 4 केल्विनला 20 डेसिबल, कोल्ड प्लेटला 20, तळाला 20 अशी आमची मांडणी. दर 20 डेसिबलला गोंगाट शंभरावा भाग होतो, पण त्या त्या प्लेटचा स्वतःचा गोंगाट त्यात पडतो, म्हणूनच सगळे अ‍ॅटेन्यूएटर एका ठिकाणी लावून चालत नाही. परतीच्या वाटेवर सिग्नल एकाच दिशेने जाऊ देणारे आयसोलेटर, सुपरकंडक्टिंग केबल, 4 केल्विनला हेम्ट नावाच्या ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर, आणि तळाशी एखादा क्वांटम-मर्यादेजवळचा अ‍ॅम्प्लिफायर. एका क्युबिटला पल्स देणारी ड्राइव्ह लाइन, बहुतेकदा वारंवारता सरकवणारी फ्लक्स लाइन, शिवाय वाचनाची लाइन काही जणांत मिळून एक. क्युबिट वाढले की केबलींचं जंगल वाढतं.

आमच्या फ्रीजला केबलींसाठी उभी भोकं मोजकी. एका भोकातून एक जुडगा खाली न्यायचा तर तो पूर्ण बाहेर बांधून, प्रत्येक प्लेटला क्लॅम्प बसवून मग आत सोडावा लागतो. मधलीच एक केबल खराब झाली की अख्खा जुडगा बाहेर. नव्या मॉडेलांत बाजूने सरकवता येणारे तयार संच मिळतात. खरेदीत पुढची पाच वर्षं धरायची असतील तर पैसे इथे घाला. दोन मिलीकेल्विन कमी मिळाले तरी चालतील.

सँपल बदलणं. याबद्दल माहितीपत्रकात अर्धी ओळसुद्धा नसते आणि पीएचडीची वर्षं यातच जातात. चिप बदलायची म्हणजे सगळा फ्रीज खोलीच्या तापमानाला आणायचा, व्हॅक्यूम तोडायचा, एकेक डबा उतरवायचा, चिप बदलायची, सगळं उलट्या क्रमाने चढवायचं, पंप करायचं, लीक तपासायची, पुन्हा थंड करायचं. आठवड्यात हे एकदा जमलं तर हात चांगला बसलाय म्हणायचं. आतले डबे असंख्य छोट्या स्क्रूंवर टांगलेले असतात. कुणा विद्यार्थ्याने शेवटचे चार घाईत सैल सोडले की तो डबा थंड होत नाही आणि हे कळतं दुसऱ्या दिवशी. तांबं 4 केल्विनपर्यंत आक्रसताना लांबीत सुमारे 0.3 टक्के घटतं, अ‍ॅल्युमिनियम 0.4. या फरकाने खोलीत गच्च वाटलेला स्क्रू खाली सैल पडतो, म्हणून कुठल्या जोडाला पितळेचा, कुठे वॉशर, किती टॉर्क, हे कंपनीने सांगायला हवं. आमच्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत हा भाग एका पानाचा होता. उरलेलं आम्ही लिहून काढलं आणि आता तेच लॅबचं खरं मॅन्युअल आहे.

बॉटम लोडर किंवा टॉप लोडर नावाचा पर्याय मिळतो. फ्रीज थंड असतानाच खालून किंवा वरून एका नळीतून सँपल आत ढकलायचं, काही तासांत तयार. स्पिन क्युबिटवाले (इलेक्ट्रॉनच्या स्पिनमधून क्युबिट बनवणारे) किंवा नवनव्या पदार्थांचे तुकडे रोज तपासणारे यावर खूश असतात. आमच्यासारख्या डझनावारी मायक्रोवेव्ह लाइन लागणाऱ्यांना त्याचा उपयोग कमी, एवढ्या जोडण्या आंधळेपणी लागत नाहीत. पण एकाच फ्रीजवर तीन ग्रुप भांडत असतील तर तो जरूर घ्या.

वॉर्मअपचं एक दुखणं बाहेरच्यांना माहीत नसतं. खोलीच्या तापमानाला जाऊन आलेली चिप तीच राहत नाही. क्युबिटची वारंवारता थोडी सरकते, कालचा चांगला क्युबिट आज कमी टिकतो, कालचा वाईट आज बरा निघतो. पदार्थातले सूक्ष्म दोष प्रत्येक फेरीत वेगळे मांडले जातात. म्हणून कुणी अर्धवट मोजमापावर असताना फ्रीज गरम झाला तर त्याचं निम्मं काम वाया. माझ्या फोनवर रात्री जे मेसेज येतात ते याच भीतीपोटी.

फ्रीज नको तेव्हा गरम होण्याची कारणं दोन, आणि दोन्ही आतली नाहीत. पाणी आणि वीज. कॉम्प्रेसर पाण्याने थंड होतो. इमारतीच्या थंड पाण्याचं तापमान चढलं किंवा फिल्टर गाळाने तुंबला की कॉम्प्रेसर स्वतःला वाचवायला बंद पडतो. पल्स ट्यूब थांबली की 4 केल्विनची प्लेट तापायला लागते आणि आतलं मिश्रण उकळून वायू होऊन बाहेर यायला बघतं. तो वायू टाकीत परत जाईल अशी वाट यंत्राने वीज नसतानाही उघडी ठेवली पाहिजे. आमच्या यंत्राला इथे पैकीच्या पैकी. व्हॉल्व्ह असे निवडलेत की वीज गेल्यावर मिश्रण आपोआप टाकीकडे वळतं, आणि टाकीतला दाब वातावरणापेक्षा कमीच राहतो. बारीकशी गळती असली तरी हवा आत येईल, हेलियम-3 बाहेर जाणार नाही.

याचं एवढं महत्त्व का? हेलियम-3 खाणीतून निघत नाही. वातावरणातल्या हेलियममध्येसुद्धा दहा लाख अणूंमागे ते जेमतेम एखाद-दुसरं. जगात वापरलं जातं ते मुख्यतः ट्रिटियमच्या क्षयातून येतं, आणि ट्रिटियम साठवलेलं असतं अण्वस्त्रांसाठी. त्याचं अर्धायुष्य 12.3 वर्षं. म्हणजे आमच्या शांत, निरुपद्रवी प्रयोगांचा कच्चा माल बॉम्बच्या गोदामातून येतो. अमेरिकेत 2001च्या हल्ल्यानंतर बंदरांवर किरणोत्सार शोधणारे न्यूट्रॉन डिटेक्टर मोठ्या संख्येने बसवले गेले. त्यांनाही हेच लागतं, आणि दशक संपता संपता कमी तापमानवाल्यांचा पुरवठा आटला. एका फ्रीजमध्ये हा वायू दहा-वीस लिटर असतो. हरवला तर नवा फ्रीज घेण्याइतकी नसली तरी विभागप्रमुखांच्या खोलीत बसून चहा थंड होईपर्यंत ऐकून घ्यावं लागेल इतकी किंमत नक्की आहे.

यूपीएसबद्दल विक्रेते गोड बोलतात. पंप, व्हॉल्व्ह आणि कंट्रोल यूपीएसवर ठेवा, हे खरं. दहा किलोवॅटचा कॉम्प्रेसर यूपीएसवर टाकायचा म्हणजे वेगळीच खोली लागते. काही मिनिटांचा झटका असेल आणि वीज आल्यावर कॉम्प्रेसर आपोआप सुरू होत असेल, तर फ्रीज स्वतःच सावरतो. आमच्या कॉम्प्रेसरला ती सोय नव्हती. कुणीतरी जाऊन हिरवं बटण दाबायचं. डेमोच्या वेळी विक्रेत्यासमोर कॉम्प्रेसरची वीज तोडा आणि पुढे काय होतं ते बघा. चेहऱ्यावरून बरंच कळतं.

तिसरं दुखणं हळू येतं: तुंबणं. फिरणाऱ्या हेलियममध्ये कुठूनतरी चिमूटभर हवा शिरली की ती आतल्या केसासारख्या नळीत गोठून बसते. ते होऊ नये म्हणून वाटेत 77 केल्विनच्या द्रव नायट्रोजनात बुडवलेला कोल्ड ट्रॅप असतो. आतल्या कोळशावर नायट्रोजन, ऑक्सिजन, तेलाची वाफ सगळं अडकतं. हायड्रोजन मात्र त्या तापमानाला गोठत नाही आणि निसटून पुढे जातो. म्हणून हल्ली तेलाशिवायचे पंप घेतात आणि एक ट्रॅप आत 4 केल्विनलाही देतात. आत जाणाऱ्या वायूचा दाब रोज थोडाथोडा चढताना दिसला की समजायचं, तुंबायला लागलं. आमच्या कंट्रोल सॉफ्टवेअरने दाबाचा आलेख नीट दिलाय, धोक्याची पातळी आपण ठरवू शकतो, ईमेल येतो. पण नायट्रोजन भरायचा तो माणसानेच. कोरडा फ्रीज म्हणतात त्याला, तरी लॅबमध्ये एक डबा ओला असतोच.

सॉफ्टवेअरबद्दल बाकी फार बोलण्यासारखं नाही. दिसायला सुंदर, लॉग चांगले, पण बाहेरून पायथॉनने बोलायचं तर जुनाट पद्धतीने. पोरांनी रस्ता काढला.

आवाजाबद्दल बोललंच पाहिजे. पल्स ट्यूब सेकंदाला सुमारे 1.4 वेळा ठोका देते. तो चिर्र-चिर्र आवाज खोलीत कायमचा. पहिल्या आठवड्यात वेड लागेल असं वाटतं, पुढे तो थांबला की दचकायला होतं. कंप मात्र खरा प्रश्न आहे. ट्रान्समॉनला त्याचा त्रास कमी. पण शेजारच्या स्पिन क्युबिटवाल्या ग्रुपच्या मोजमापात 1.4 हर्ट्झचे दात स्वच्छ दिसत होते, कारण हलणाऱ्या केबलच्या आत घर्षणाने वीज तयार होते. केबली घट्ट बांधल्या की ते बरंच उतरतं. स्कॅनिंग मायक्रोस्कोप टांगायचा विचार असेल तर व्हॉल्व्हची मोटर वेगळी दूर ठेवलेलं मॉडेल मागा, प्लेटवरचा कंप मोजून दाखवायला सांगा. कॉम्प्रेसर दुसऱ्या खोलीत ठेवणं ही चैन नाही. तिथे माणसं बसणार आहेत.

सेवा. यंत्र बसवायला आलेला इंजिनिअर अप्रतिम होता. लीक शोधताना त्याने हेलियम फवारत फिरण्याआधी अर्धा तास नुसते जोड न्याहाळले, ओ-रिंगवरचा एक केस चिमट्याने उचलला आणि लीक गेली. लीक डिटेक्टर मिनिटाला काहीतरी सांगत असतो आणि खोलीत आधीच सांडलेलं हेलियम त्याला फसवतं, त्यामुळे डोळे पहिले. त्याच्याकडून मी जे शिकले ते कुठल्या पुस्तकात नाही. पण तो गेल्यानंतरची सेवा ईमेलवर. उत्तर येतं, नेमकं येतं, उशिरा येतं. सुटा भाग हवा तर आठवडे. करार करताना पल्स ट्यूबची ठरावीक तासांनंतरची देखभाल, कॉम्प्रेसरचा अ‍ॅड्सॉर्बर आणि एक जादा ट्रॅप एवढं आत घालून घ्या. नंतर मागितलं तर प्रत्येकाचं वेगळं कोटेशन, वेगळी मंजुरी, आणि विद्यापीठातली मंजुरी हेलियमपेक्षा दुर्मिळ.

तारे द्यायचे तर पाचपैकी चार. एक कापला वायरींच्या जागेसाठी आणि त्या हिरव्या बटणासाठी. क्युबिट सोडून फक्त एक-दोन केल्विनला होणारं काम असेल, उदाहरणार्थ सुपरकंडक्टिंग नॅनोवायरचे फोटॉन डिटेक्टर, तर डायल्यूशन फ्रीज घेऊच नका. पल्स ट्यूबवरचा साधा क्रायोस्टॅट पुरतो आणि हेलियम-3ची काळजी राहत नाही. हिऱ्यातल्या दोषांवर काम करणाऱ्यांचं तर खोलीच्या तापमानालाही बरंच भागतं. नुसत्या फोटोसाठी झुंबर घेतलेल्या लॅबाही मी पाहिल्यात.

ऑर्डर देण्याआधी छताची उंची मोजा. डबे खाली उतरवायचे असतात, त्यामुळे फ्रीजच्या खाली एका डब्याएवढी मोकळी जागा लागते आणि वर पल्स ट्यूब उचलून काढायला साखळीची कप्पी. आमच्या खोलीत वर एसीची नळी आडवी येत होती. ती हलवायला बांधकाम विभागाने जितका वेळ घेतला तितक्यात फ्रीज बनून, तपासून, जहाजाने आला होता आणि खोक्यातच पडून होता. खालच्या फरशीला किती भार चालतो तेही त्यांच्याकडून लेखी घ्या, आणि दाराची रुंदी स्वतः टेप घेऊन मोजा.